पाळणारा नसलेली आज्ञा

जी आज्ञा पाळण्यास कोणीच नेमलेला नाही, जी कोणापर्यंत पोहोचावी अशी तजवीज आज्ञा देणाऱ्यानेच ठेवलेली नाही, आणि तरीही जी आरंभापासून अंतापर्यंत पूर्ण, सुसंगत व तामील करण्याजोगी लिहून ठेवलेली आहे, तिला आज्ञा म्हणावे की नाही? पूर्वमीमांसेच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. परंतु आज तो ज्या ठिकाणी ठाण मांडून बसला आहे ते ठिकाण यज्ञशाळेपासून बरेच दूर, म्हणजे जपानातील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, नाणे टाकून खेळावयाच्या एका नृत्ययंत्राच्या पोटात आहे.

कोनामी या जपानी कंपनीने १९९७ साली ‘बीटमेनिया’ नावाचे, पाच पट्ट्या आणि एक फिरती तबकडी असलेले तालाचे यंत्र बाजारात आणले, आणि पुढल्याच वर्षी ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हे त्याहून कितीतरी अधिक लोकप्रिय ठरलेले दुसरे. यात खेळणारा एका चौथऱ्यावर उभा राहतो. पायांखाली पुढे, मागे, डावीकडे व उजवीकडे असे चार बाण असतात. गाणे सुरू झाले की पडद्याच्या तळाकडून तसलेच बाण वर सरकू लागतात, आणि माथ्यावरच्या स्थिर बाणांशी ते ज्या क्षणी एकरूप होतात नेमक्या त्याच क्षणी त्या त्या दिशेला पाऊल पडावे लागते. पाऊल पडताच निवाडाही होतो: परफेक्ट, ग्रेट, गुड, बू, मिस. या खेळाला कथा नाही आणि हिंडावयास प्रदेशही नाही. पडद्यावर जे येते ते सारे विध्यर्थी आहे. आता डावा, आता पुढचा, आता दोन्ही एकदम. खेळाडू ज्याला चार्ट म्हणतात तो बाणांचा क्रमलेख म्हणजे सुमारे दीड मिनिटाच्या अवधीत दिलेल्या आज्ञांची केवळ एक यादी होय. इतर खेळांतून एखादी न वापरलेली खोली सापडली तर ती निदान पाहता तरी येते. चार्ट मात्र पाहण्याची वस्तूच नव्हे, तो पाळावा किंवा मोडावा एवढाच त्याच्याशी माणसाचा संबंध संभवतो, आणि म्हणूनच न वापरलेल्या चार्टाचा प्रश्न न वापरलेल्या चित्राच्या प्रश्नाहून अवघड आहे.

अशा यंत्रांचे कार्यक्रम उकलून पाहणाऱ्यांचा एक वर्गच गेल्या काही दशकांत निर्माण झाला आहे. डान्स डान्स रेव्होल्यूशनच्या आरंभीच्या आवृत्त्या सोनीच्या प्लेस्टेशनच्या घडणीवर आधारलेल्या ‘सिस्टिम ५७३’ नामक संचावर चालत आणि त्यांचा मजकूर सीडीवरून येई. म्हणजे जिज्ञासूला उघडता येईल अशा पेटीतच तो होता. एकंदरीत कोणत्याही व्हिडिओ गेमचे पोट असे उघडले की त्यात यादीत कधीच न दिसलेल्या गाण्यांची नावे, कोठेच न झळकणारी चित्रे, चाचणीपुरते केलेले पडदे आणि अर्धवट सोडलेले क्रमलेख आढळणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कारणे बहुतेक रुक्ष असतात. आरंभीच्या आवृत्त्यांतील पुष्कळ गाणी तोशिबा-ईएमआयच्या ‘डान्समेनिया’ या संग्रहमालेतून परवान्याने घेतलेली होती. परवाना संपला, किंवा तो मिळेतो प्रकाशनाची मुदत येऊन ठेपली, तर गाणे वगळावे लागते. पण वगळणे म्हणजे पुसून टाकणे नव्हे. पुसले तर पुढल्या साऱ्या मजकुराचे ठावठिकाणे हलतात आणि झालेली तपासणी पुन्हा मुळापासून करावी लागते. त्यापेक्षा सूचीतील नोंद तेवढी खोडून गठ्ठा दप्तरात होता तसाच राहू देणे कोणत्याही कारकुनाला सोयीचे वाटेल, आणि प्रोग्रामर हा या बाबतीत कारकुनाचा सख्खा भाऊ आहे.

येथे एक भेद आधीच केला पाहिजे, कारण तो न केल्याने बराच घोटाळा होतो. झाकलेले सारेच न वापरलेले नसते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत काही अधिक कठीण प्रकार पायांनी ठराविक क्रमाने बाण दाबल्यावाचून उघडत नसत. आणि याच खेळाच्या २००१ सालच्या ‘डीडीआर मॅक्स’ या आवृत्तीत ‘मॅक्स ३००’ हे मिनिटाला तीनशे ठोक्यांचे कुप्रसिद्ध गाणे अखेरच्या गाण्यात उत्तम श्रेणी मिळविणाऱ्याच्याच पुढ्यात जादा फेरी म्हणून येई. ही गाणी गुप्त होती, परंतु बेवारस नव्हती. त्यांचा हक्कदार कोण हे ठरलेले होते. तो अद्याप आला नव्हता एवढेच.

हक्कदाराचा हा मुद्दा मीमांसकांनी जितक्या बारकाईने हाताळला आहे तितका अन्य कोणी क्वचितच हाताळला असेल. लौगाक्षी भास्कराच्या ‘अर्थसंग्रहा’त विधीचे चार प्रकार सांगितले आहेत. कर्माचे नुसते स्वरूप सांगतो तो उत्पत्तिविधी. अंगाचा प्रधानाशी संबंध जोडून देतो तो विनियोगविधी. अमुक कर्माच्या फळाचे स्वामित्व कोणाकडे जाते हे सांगतो तो अधिकारविधी. आणि प्रयोग विलंबावाचून, त्वरेने व क्रमाने पार पडावा असे सांगतो तो प्रयोगविधी. राजसूय यज्ञ कसा करावा हे कोणीही शिकू शकेल, पण तो करावा मात्र स्वाराज्याची इच्छा धरणाऱ्या राजानेच. इतराने तो तंतोतंत केला तरी त्याने राजसूय केला असे शास्त्र म्हणणार नाही. आता यंत्रात पडून राहिलेला, कोणत्याही सूचीला न जोडलेला एक पूर्ण चार्ट या चौकटीत बसवून पाहावा. त्याचे स्वरूप ठरलेले आहे, म्हणजे उत्पत्ती आहे. प्रयोगविधी तर त्याच्यात इतका पराकोटीला गेला आहे की कोणत्याही श्रौत ग्रंथाला हेवा वाटावा, कारण क्रम आणि अविलंब या दोनच गोष्टींचा तो बनलेला आहे. नाही तो विनियोग, कारण कोणत्याही गाण्याच्या निवडीशी त्याचा धागा राहिलेला नाही. आणि नाही तो अधिकार, कारण त्याचे गुण कोणाच्याच नावे रुजू व्हावयाचे नाहीत. चारांपैकी दोन अंगे सर्वांगसुंदर आणि दोन मुळातच गायब, असा हा विधी आहे.

यावर सांख्यमतानुयायी म्हणेल की वस्तू आहे एवढे पुरेसे नाही काय? दिसत नाही म्हणून ती नाही असे होत नाही. ईश्वरकृष्णाच्या सातव्या कारिकेत असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे मोजून दिली आहेत: ती फार दूर असेल, फार जवळ असेल, इंद्रिय बिघडले असेल, मन ठिकाणावर नसेल, वस्तू सूक्ष्म असेल, मध्ये आडोसा असेल, दुसऱ्या प्रबळ वस्तूने ती झाकोळली असेल, किंवा सारख्याच वस्तूंत ती मिसळून गेली असेल. यादी चोख आहे, पण आपला चार्ट यांपैकी एकाही कारणाने अदृश्य नाही. तो दिसत नाही कारण त्याला कोणी बोलावत नाही. सांख्यांच्या जगात वस्तू स्वभावाने व्यक्त होऊ पाहते आणि अडथळा दूर झाला की प्रकट होते; यंत्राच्या जगात अडथळा नसूनही वस्तू स्वतः होऊन कधीच प्रकट होत नाही, तिच्याकडे निर्देश करणारी एक ओळ दुसरीकडे कोठेतरी असावी लागते. अस्तित्वाच्या बाजूने दिलेला सांख्यांचा कौल मला मान्य आहे, परंतु प्रश्न अस्तित्वाचा नसून सार्थकतेचा आहे आणि त्यासाठी पुन्हा मीमांसेकडेच वळले पाहिजे.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात पूर्वपक्षी जो आक्षेप घेतो तो असा: वेदाचे प्रयोजन कर्म सांगणे हे असेल, तर ज्या वाक्यांतून कोणतेच कर्म निघत नाही ती निरर्थक ठरतात. उदाहरणे त्याच्याजवळ भरपूर आहेत. अग्नी रडला म्हणून त्याला रुद्रत्व आले आणि त्याच्या अश्रूंचे रुपे झाले, हे एक वाक्य आहे. यातून करावयाचे काय? सिद्धान्ती उत्तर देतो की अशी वाक्ये जवळच्या विधीची स्तुती किंवा निषेधाची निंदा करून त्याला बळ देतात. रडण्यातून उपजलेले म्हणून बर्हिर्यागात रुपे दक्षिणा देऊ नये, या निषेधाशी ते रडणे जोडावे, की वाक्याचे सार्थक झाले. अर्थवादाची ही युक्ती किती चतुर आहे हे सांगावयास नको; वरकरणी निकामी वाटणाऱ्या प्रत्येक अक्षराला तिने काम लावून दिले. परंतु ही युक्ती एका अटीवर उभी आहे, आणि ती अट म्हणजे वेदाचे अपौरुषेयत्व. ज्या ग्रंथाला कर्ता नाही त्यात कोणी मध्येच बेत बदलणे संभवत नाही, थकणे संभवत नाही, मुदत टळणे संभवत नाही. त्यात टाकून दिलेले असे काही असूच शकत नाही, म्हणून प्रत्येक वाक्याचा अर्थ लावणे भाग पडते. व्हिडिओ गेम ही याच्या अगदी उलट, पुरेपूर पौरुषेय वस्तू आहे. तिचे कर्ते पगारी आहेत, त्यांच्या डोक्यावर तारखेचा तगादा आहे, आणि त्यांनी सकाळी लिहिलेले संध्याकाळी फिरविले तर त्यात पाप नाही. पौरुषेय कृतीत निरर्थक असण्याचा हक्क आहे, आणि तो निष्पाप हक्क आहे.

हा हक्क अमान्य करणारे जिज्ञासू नकळत यंत्रातील चिपेला श्रुतीच्या आसनावर बसवतात. मग तिच्यातील प्रत्येक अक्षरात संकेत दिसू लागतो. १९९२ साली अमेरिकेत निघालेल्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या गेम पार्लरमधील द्वंद्वखेळात यंत्रमालकासाठी हिशेबाचा एक पडदा होता. रेप्टाइल नामक खरोखरच्या गुप्त प्रतिस्पर्ध्याच्या नोंदींबरोबर तेथे ‘एरमॅक्स’ अशीही एक नोंद होती. तो होता कार्यक्रमातील चुका मोजणारा, मराठीत सांगावयाचे तर बिघाडांचा, रकाना. खेळणाऱ्यांनी मात्र असा निष्कर्ष काढला की एरमॅक नावाचा एक लाल वस्त्रांतील योद्धा यंत्रात दडला आहे आणि योग्य साधना केली असता तो दर्शन देतो. अफवा इतकी फोफावली की १९९५ च्या ‘अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३’मध्ये कर्त्यांनी एरमॅक नावाचा लाल योद्धा खरोखरच घडवून घातला. भक्तांच्या भावनेखातर देव रूप धारण करतो असे आपल्याकडे सांगतात. येथे त्याचा दाखला तारीखवार उपलब्ध आहे, आणि मूळ कारण बिघाडाचा रकाना होते ही गोष्ट भाविकांना जरा जड जाईल.

टाकलेल्या मजकुराहून अगदी वेगळी जात आहे ती मुद्दाम लपविलेल्या निरोपांची. पहिल्यात हेतू विझलेला असतो. दुसऱ्यात हेतूखेरीज काहीच नसते. अटारी कंपनीच्या १९७७ च्या ‘स्टारशिप १’ या नाण्याच्या यंत्रात रॉन मिल्नर यांनी अशी योजना केली होती की यंत्राच्या कळा विशिष्ट क्रमाने हाताळल्या तर पडद्यावर ‘हाय रॉन!’ अशी अक्षरे यावीत आणि दहा डाव फुकट मिळावेत. ही गोष्ट उघडकीस आली २०१७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. (फुकटच्या दहा डावांचा भुर्दंड यंत्र विकत घेणाऱ्या दुकानदाराच्या माथी होता, हे कौतुकाच्या भरात सहसा विसरले जाते.) त्याच कंपनीच्या ‘ॲडव्हेंचर’ या घरगुती खेळात वॉरन रॉबिनेट यांनी एक गुप्त दालन केले आणि आपण हा खेळ रचला एवढे त्यात लिहिले, तेथे जाण्याची किल्ली म्हणजे पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक करडा ठिपका. कंपनी आपल्या कर्त्यांची नावे छापत नसे, म्हणून हा मार्ग. १९८० मध्ये एका मुलाने ते दालन शोधून कंपनीला पत्र लिहिले तेव्हा रॉबिनेट नोकरी सोडून गेलेले होते आणि चिपा बदलणे खर्चाचे होते. तेव्हा कंपनीने अशा गुपितांना ‘ईस्टर एग’ असे लाडके नाव देऊन पुढे त्यांना उत्तेजनच दिले. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव कोरविले ते येणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ त्यावर पडावी म्हणून, अशी आपली परंपरा सांगते. तेथे नाव सर्वांच्या वाटेत आहे आणि कर्ता नम्र. येथे नाव कोणाच्याच वाटेत नाही आणि कर्ता रुसलेला. दोन्ही नावांना धनी ठाऊक होता हे त्यांचे साम्य. परंतु एकाला धन्याची संमती होती, दुसऱ्याला नव्हती, आणि माझ्या मते लपविण्याचे खरे मूळ या असंमतीतच आहे.

सगळेच निरोप इतके निरागस नसतात. नामकोच्या १९८८ सालच्या ‘एरिका तो सातोरु नो युमे बोकेन’ या, फॅमिकॉम नामक घरगुती यंत्रावरील, मुलांच्या खेळात, अखेरच्या पडद्यावर दीर्घकाळ थांबून मग कळांचा एक क्रम दाबला असता, रचणाऱ्यांपैकी एकाने सहकाऱ्यांवर नावानिशी ओढलेले जहाल कोरडे वाचावयास मिळतात. हा मजकूर वाचावा काय? तो आपल्याला उद्देशून नाही असे म्हणावे, तर त्याला उघडणारी वाट लिहिणाऱ्यानेच बांधून ठेवली होती. आपल्याला उद्देशून आहे असे म्हणावे, तर ती वाट कोणाला सापडू नये इतकी आडवळणी केली होती. बोलावे असेही वाटते आणि ऐकू जाऊ नये असेही वाटते, या दुहेरी इच्छेला देवापुढील कबुलीच्या जोडीने आता यंत्राचाही आश्रय मिळाला आहे. फरक इतकाच की देव ऐकलेले कोणाला सांगत नाही. ज्यांना शिव्या दिल्या त्यांचे म्हणणे मात्र त्या चिपेत नाही, आणि उत्तर देण्याची सोय नसलेला आरोप कितीही जुना झाला तरी न्याय्य होत नाही. तो सापडला असे नमूद करणे निराळे, नावांसकट त्याची मिरवणूक काढणे निराळे.

या दोन जातींच्या मध्ये तिसरी एक आहे, ती विसरलेल्या हत्यारांची. ‘ग्रेडियस’ हा खेळ १९८६ साली फॅमिकॉमवर आणताना कोनामीच्या काझुहिसा हाशिमोटो यांना तो तपासण्यापुरताही पार करणे जड जाऊ लागले, म्हणून त्यांनी एकदम सारी शस्त्रे देणारा कळांचा एक क्रम घातला आणि तो काढावयाचे राहून गेले. वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, मग शेवटच्या दोन कळा: हा क्रम पुढे ‘कोनामी कोड’ म्हणून जगभर असा पाठ झाला की त्याला मंत्राची प्रतिष्ठा आली. शेवटच्या दोन कळा सोडल्या तर उरतात त्या नृत्ययंत्राच्याच चार दिशा, आणि तो एक बरा, सोपा चार्टही होईल. मजूर परांचीवर भार टाकून पाहतो त्यापलीकडे या क्रमात हेतू नव्हता. लोकांनी पाळला म्हणून त्याला अधिकार मिळाला. अधिकार असा मागाहून, पाळणाऱ्यांच्या बाजूने येऊ शकतो, ही गोष्ट मीमांसकांना मान्य झाली नसती, पण घडली आहे.

टाकलेल्या मजकुराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र केवळ शास्त्रार्थाचा नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’ या २००४ च्या खेळातील एक अश्लील प्रसंग कर्त्यांनी रद्द करून मार्ग बंद केला होता, परंतु तबकडीवर तो तसाच राहिला, २००५ मध्ये बाहेरच्यांनी मार्ग उघडणारी दुरुस्ती प्रसृत केली, आणि अमेरिकेतील वर्गवारी मंडळाने खेळाला केवळ प्रौढांसाठी असा शेरा देताच मोठ्या दुकानांनी तो फडताळावरून उतरविला. कंपनीचा पहिला बचाव बाहेरच्यांकडे बोट दाखविण्याचा होता. मंडळाचा निर्णय मला योग्य वाटतो. आज्ञेला अधिकारी नसला तर ती आज्ञा म्हणून अपुरी राहते खरी. पण दिलेला माल हा दिलेला मालच असतो, आणि तो ग्राहकाच्या घरात पोहोचल्यावर आम्ही त्याचे नाव सूचीतून खोडले होते हा जबाब कोणत्याही कचेरीत टिकणार नाही.

मग आज कोणी जुन्या नृत्ययंत्राचा कार्यक्रम उकलून, सूचीत एक ओळ आपल्या हाताने भरून, तो पडून राहिलेला चार्ट पडद्यावर आणला आणि त्यावर पाय उमटविले, तर वर्षानुवर्षे अडकलेला विधी पूर्ण झाला असे म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. त्या चार्टाचे स्वरूप व क्रम जपानातल्या कोण्या अनामिक रचनाकाराचे आहेत. विनियोग आणि अधिकार हे दोन्ही मात्र उकलणाऱ्याने नव्याने लिहिलेले आहेत, आणि त्या रचनाकाराने ते कदाचित जाणूनबुजून नाकारले होते. म्हणून अशा गाण्याची चित्रफीत लोकांपुढे ठेवताना ‘कंपनीचे दडलेले गाणे’ असा मथळा देणे चुकीचे आहे. कंपनीने ते दडविले नव्हते, टाकले होते. वाजविण्याचा हुकूम उकलणाऱ्याचा आहे, आणि त्या हुकमाखाली नावही त्याचेच पडले पाहिजे.